सोसण्याचे कौतुक पुरे!

दिवाळी अंकात काय असावे याबद्दल आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. कथा असाव्यात, कविता असाव्यात, थोडा प्रवास, थोडा विनोद, आणि शेवटी वर्षाचे राशिभविष्य. बाईच्या पाळीचा विषय या ताटात बसत नाही; पाळी जाण्याचा तर नाहीच नाही. तरीही तो मी येथे काढते आहे, आणि मुद्दाम काढते आहे. कारण हा अंक घरातल्या सगळ्यांच्या हाती जातो. आजोबा तो वाचतात, कॉलेजातला मुलगा वाचतो, आणि चकल्यांचा शेवटचा घाणा काढून दुपारी जरा आडवी झालेली घरची बाईही वाचते. ही बाई बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरातली असते. दिवाळीचा निम्म्याहून अधिक भार तिच्यावर असतो, आणि नेमक्या याच वयात कढईपुढे उभ्या उभ्या तिच्या छातीतून एकाएकी आगीचा लोळ वर चढतो, तोंड लालबुंद होते, पदराने घाम टिपावा तो पाठोपाठ हुडहुडी भरते. घरातले समजतात, शेगडीपाशी उभी आहे, त्यामुळे होत असेल.

माझे भांडण आहे ते याच्या पुढच्या टप्प्याशी. ही बाई कधीतरी धीर करून डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर हॉर्मोनची गोळी देतात. वाफा थांबतात, झोप लागू लागते, पण त्याबरोबर दुसरेच काही सुरू होते. आणि हे दुसरे काही सांगायला गेले की चहूकडून एकच उत्तर मिळते : सोसा. काही बायका सोसतात. पुष्कळ बायका निमूटपणे गोळ्या कपाटात ठेवून देतात आणि पुन्हा वाफा सोसू लागतात. म्हणजे दोन्ही वाटा शेवटी सोसण्याच्याच गावाला जातात. हे मला मान्य नाही.

आधी वस्तुस्थिती मांडू. बाईच्या अंडाशयांत इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. वयपरत्वे ते कमी होत जाते आणि पाळी थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे वैद्यकशास्त्र धरते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी घडते. आपल्याकडे त्याच्या चार-पाच वर्षे आधी, म्हणजे ४६-४७ च्या सुमारास. काही भाग्यवान बायकांना फारसे काही होत नाही. काहींच्या अंगातून वर्षानुवर्षे वाफा निघतात, रात्री कपडे भिजतात, झोप उडते, छाती धडधडते, सांधे धरतात, नवऱ्याजवळ जाणे दुखरे होते; आणि वरून दिसत नसले तरी आत हाडे ठिसूळ होऊ लागतात. कमी पडलेले संप्रेरक बाहेरून देणे हा वाफांवरचा सर्वांत गुणकारी उपाय. गर्भाशय असलेल्या बाईला त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्या जातीचे औषध द्यावे लागते. ते का, हे पुढे येईलच.

हा उपाय प्रत्येकीला लागत नाही आणि प्रत्येकीला चालतही नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा विकार चालू असेल, किंवा अंगावरून जाण्याचे कारण सापडले नसेल, तर सामान्यतः तो देत नाहीत. हे ठरवणे डॉक्टरांचे काम, आणि मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे; शाळेत मुलांना शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. पण स्वतःच्या अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल चार प्रश्न विचारायलाही पदवी लागते, असे कोणी म्हणेल तर त्याच्याशी वाद घालण्याइतके शिक्षण माझ्यापाशी खास आहे.

मला ही गोळी सुरू झाली तेव्हा पंधरा दिवसांत छाती इतकी हुळहुळी झाली की फळ्यावर लिहायला हात उंचावला तरी कळ यावी. सकाळी मळमळ. दुसऱ्या महिन्यात थोडे थोडे अंगावर जाऊ लागले, तेही पाळी थांबून दीड वर्ष लोटल्यावर! डॉक्टरांना सांगितले. त्यांचे नाव कशाला हवे? त्यांच्यासारखे गावोगाव आहेत. कागदावरची मान वर न करता ते म्हणाले, "बाई, या वयात एवढं चालायचंच. वाफा थांबल्या ना? मग झालं तर!" पुढे एका डॉक्टरीणबाईंनी माझे सगळे ऐकून घेतले, तपासले, सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहिली, गोळीऐवजी कातडीला लावायचे जेल दिले, प्रोजेस्टेरॉन रात्री निजताना घ्यायला सांगितले, आणि दीड-दोन महिन्यांत माझ्या तक्रारी संपल्या. या बाईंपाशी कुठली सिद्धी नव्हती. जे त्यांनी केले ते पहिल्या डॉक्टरांनाही ठाऊक असणारच. त्यांना दहा मिनिटे काढवली नाहीत, एवढेच.

आता या उपचाराचे सर्वसाधारण त्रास आणि त्यांवरचे तोडगे सांगते, म्हणजे "चालायचंच" या शब्दात किती आळस भरला आहे ते कळेल. छाती दुखणे, मळमळ, पोट फुगणे, डोके दुखणे, पायात गोळे येणे, थोडे अंगावर जाणे, हे त्रास पुष्कळदा पहिल्या तीन महिन्यांत आपोआप ओसरतात. हे एवढे वाक्य जरी औषध देतानाच सांगितले, तरी किती बायकांची भीती कमी होईल! मळमळ होत असेल तर गोळी जेवणाबरोबर घ्यावी; तरीही थांबली नाही तर गोळीऐवजी जेल किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी यांचा विचार होतो. छाती फार दुखत असेल तर मात्रा कमी करून पाहतात. डोकेदुखीला पुष्कळदा संप्रेरकाचे चढउतार कारण असतात, तेथेही पट्टी बरी पडते. मन उदास होणे, चिडचिड, पोट फुगणे हे अनेकदा प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधामुळे होते. त्याचा प्रकार बदलता येतो, आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनने जी गुंगी येते तिचा निजताना उलट उपयोगच होतो. वजन वाढते म्हणून जिकडेतिकडे या औषधाला शिव्या मिळतात. पण वजन या वयात औषधाविनाही वाढते, आणि ते औषधाने वाढते असा पुरावा नाही.

रक्त जाण्याबद्दल मात्र नीट समजून घ्यावे. औषध घेण्याच्या एका पद्धतीत दर महिन्याला पाळीसारखे जातेच, ते अपेक्षितच असते. रोज दोन्ही औषधे घेण्याच्या पद्धतीत पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडू शकतात. त्यापुढे चालू राहिले, फार जाऊ लागले, किंवा एकदा थांबून पुन्हा सुरू झाले, तर तपासणी झालीच पाहिजे. तेथे "चालायचंच" म्हणणारा डॉक्टर बदलावा. आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, बोलताना जीभ अडखळली किंवा दिसेनासे झाले, तर औषध तीन महिन्यांत अंगवळणी पडेल म्हणून वाट पाहू नये. त्याच पावली दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, जी न सांगितल्याने खरे नुकसान होते. दोन औषधांपैकी ज्याने पोट फुगते, मन खट्टू होते, तेवढे एक आपल्या आपणच बंद करायचे आणि वाफा थांबवणारे दुसरे चालू ठेवायचे, अशी हुशारी बायका करतात. दोष त्यांचा नाही. प्रोजेस्टेरॉन कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ते आहे गर्भाशयाच्या राखणीसाठी. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि तेथे कर्करोगाचा धोका वाढतो. ही राखण ज्या दिवशी गुपचूप काढून घेतली त्या दिवसापासून घर उघडे. तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्याने याचा विचार करावा.

हे शहाणपण वैद्यकालाही फुकट मिळालेले नाही. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले प्रेमॅरिन नावाचे औषध अमेरिकेत १९४२ साली बाजारात आले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या तिकडच्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहून पाळी जाणे हा रोगच ठरवला, आणि हे औषध घेणारी बाई कायम तरुण राहील अशी हवा केली. पुस्तक धडाक्याने खपले. या डॉक्टरांच्या संस्थेला औषध कंपन्यांकडून पैसे मिळत होते हे मागाहून उजेडात आले. १९७५ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो हे दिसून आले. तेव्हापासून प्रोजेस्टेरॉनची जोड आली. आज जी गोळी आपल्याला नकोशी वाटते तिच्यामागे इतक्या बायकांचा भोग आहे.

मग आले २००२ साल. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग त्या जुलैत मुदतीपूर्वी थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. दोन्ही औषधे घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर पसरली आणि लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. आजही आपल्याकडे कोणी हॉर्मोनचे नाव काढले की जाऊबाई, वन्सं, शेजारीण सगळ्या एका सुरात म्हणतात, "अगं बाई, कॅन्सर होतो त्यानं!"

येथे मी शाळेतला खडू हाती घेते. टक्केवारी शिकवताना आम्ही मुलांना पहिला प्रश्न विचारायला लावतो : कशाचे टक्के? त्या अभ्यासात गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. घेणाऱ्या दहा हजारांमागे ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी अधिक. पक्षाघातही आठच जणींना अधिक झाला. उलट मोठ्या आतड्याचा कर्करोग सहा जणींना कमी झाला आणि खुब्याचे हाड पाच जणींचे कमी मोडले. आठ म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. त्या आठांतली प्रत्येक जण कोणाची तरी आई होती. पण 'सव्वीस टक्के' ऐकून जी बाई थरथर कापते, तीच 'दहा हजारांत आठ' ऐकून विचार करू लागते. भीती घालणे सोपे, हिशेब सांगायला वेळ लागतो.

शिवाय त्या बायकांचे सरासरी वय होते ६३. पन्नाशीच्या आतबाहेर औषध सुरू करणाऱ्या बाईला तो हिशेब जसाच्या तसा लावणे म्हणजे सातवीचा पेपर दुसरीच्या पोरापुढे ठेवणे आहे. पुढे २००४ साली, गर्भाशय काढलेल्या आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या १०,७३९ बायकांचा भाग थांबवला गेला. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, पण स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. जेल आणि पट्टी यांनी नेहमीच्या मात्रेत गुठळ्यांचा धोका वाढत नाही असेही नंतरच्या अभ्यासांत दिसले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले, आणि दुसरी अडचण नसली, तर त्रास असलेल्या बाईला तोट्यापेक्षा फायदा अधिक, असे आता तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवरची हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांबद्दलची काळ्या चौकटीतली सूचना काढण्याचे जाहीर केले. याचा अर्थ आता डोळे मिटून घ्यावे असा नाही. १९६६ साली डोळे मिटून घेतले होते आणि २००२ साली डोळे मिटून फेकले. आता निदान डोळे उघडे ठेवून घ्यावे किंवा न घ्यावे.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला : "आमच्या आज्यांना कुठे होत्या गोळ्या?" नव्हत्या. आज्यांना चष्मे नव्हते तेव्हा त्या सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाक मारीत. त्यांना त्रास नव्हता हे कोणी ठरवले? त्यांनी तो कोणाला सांगितला नाही इतकेच आपल्याला ठाऊक आहे. म्हातारपणी कमरेत वाकलेली, माजघरात पाय घसरून खुबा मोडलेली आणि मग अंथरुणातून न उठलेली आजी कोणत्या घरात नव्हती? तिच्या हाडांचे काय झाले होते हे तिला कळले नाही. आपल्याला कळते आहे.

दुसरा आक्षेप चूर्णवाल्यांचा. "आमचे नैसर्गिक आहे, याला दुष्परिणाम नाहीत." ज्या औषधाला परिणाम आहे त्याला नको असलेला परिणामही असू शकतो, हे साधे व्यवहारज्ञान आहे. मीठसुद्धा जास्त झाले की बाधते. ज्या डबीवर कसलाच दुष्परिणाम लिहिलेला नाही, ती डबी कोणी नीट तपासलेलीच नाही, असे समजावे. ज्यांना हॉर्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी डॉक्टरांपाशी दुसरी तपासलेली औषधे आहेत. त्यांना चूर्णाच्या दारात जाण्याचे कारण नाही.

आणि आता ज्यांच्यापर्यंत हा अंक बहुधा पोचणारच नाही त्यांच्याविषयी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या सरसकट काढल्या जातात, हे २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले आणि शासनाने समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक! कोयता एक दिवस थांबला तरी दंड भरावा लागतो, म्हणून पाळीच नको. त्यात डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली, तर जे बदल पन्नाशीपर्यंत हळूहळू व्हायचे ते तिशीतल्या बाईच्या अंगावर एका रात्रीत कोसळतात. अंडाशये राखली तरी ती पुष्कळदा लवकर थकतात. इतक्या लहान वयात अंडाशये गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत असे वैद्यकशास्त्रच सांगते. हे त्या फडात कोण सांगते? ज्याने पिशवी काढली त्याने पुढच्या वीस वर्षांच्या हाडांचा विचार केला का? शहरातल्या बाईला "सोसा" म्हणतात. फडावरच्या बाईला तेही म्हणायला कोणी येत नाही.

हे सारे उघड बोलायचे नाही हा संकेत आपल्याकडे जुना आहे, आणि तो मोडण्याची परंपराही आपल्याकडेच आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या माणसाने एवढे सोसले ते बायकांनी बोलावे म्हणून. आपण आजही औषधाच्या दुकानात हळू आवाजात गोळीचे नाव सांगतो आणि ती काळ्या पिशवीत घालून घेतो.

म्हणून पुरुष वाचकांना माझे सांगणे आहे. मधुमेहाची गोळी लागू पडली नाही तर तुम्ही महिन्यात डॉक्टर बदलता. घरातल्या बाईच्या औषधालाही तोच न्याय लावा. तिच्याबरोबर जा, बाहेरच्या बाकावर बसू नका, आत जा. 'आमची ही फार सोशिक' हे कौतुक बंद करा. या कौतुकासारखा स्वस्त दागिना आपल्या समाजाने दुसरा घडवलेला नाही. घालणाऱ्याला दमडी पडत नाही आणि वागवणारीची मान मोडते.

आणि बायांनो, तुम्हांला : एक साधी वही करा. कोणत्या दिवशी काय झाले, किती दिवस राहिले, एवढेच लिहा. डॉक्टरांना विचारा : हे औषध मला का? याने काय काय होऊ शकते? त्यातले कशासाठी वाट पाहायची आणि कशासाठी धावत यायचे? तीन महिन्यांनी मला परत कधी तपासणार? उत्तर मिळाले नाही तर उठून दुसरीकडे जा. आणि डॉक्टरांनी मान वर करून "काही त्रास?" असे विचारलेच, तर जन्मभर जिभेवर बसलेले "काही नाही" हे दोन शब्द गिळा आणि वही उघडा.